बाबांचा व्हेंटिलेटर काढला तर आपण मारलं असं होतं का?

तुमचा प्रश्न काल रात्री ड्युटीवर वाचला आणि तेव्हाच उत्तर द्यायचं टाळलं, असल्या गोष्टीवर घाईत दोन ओळी टाकून मोकळं होणं बरं नाही. थोडक्यात तुमचं म्हणणं असं: वडील ७४ वर्षांचे, मेंदूत मोठा रक्तस्राव, आज १७वा दिवस व्हेंटिलेटरवर, डोळे उघडत नाहीत, डॉक्टर म्हणतायत गळ्याला भोक पाडून ट्रॅकिओस्टॉमी करूया नाहीतर "तुम्ही घरचे काय ते ठरवा". मोठे भाऊ म्हणतात आता काढूया, आई म्हणते देव न्यायचं तेव्हा नेईल, आपण कोण ठरवणारे. आणि तुम्ही विचारताय की काढलं तर आपणच मारलं असं होईल का, पाप लागेल का. शेवटी अजून एक ओळ आहे, ती तुम्ही बहुतेक पुसता पुसता ठेवली असणार: रोजचे तीसेक हजार जातायत, दादा त्यासाठीच म्हणत असेल असं मनात येतं आणि मग स्वतःचीच लाज वाटते.

मी भूलतज्ज्ञ, गेली १९ वर्षं एका जिल्ह्याच्या गावी आयसीयू बघते. धर्मशास्त्र शिकलेली नाही. पण हा प्रश्न महिन्यातून दोनतीनदा तरी माझ्यासमोर खुर्ची ओढून बसतो, त्यामुळे थोडं वाचलंय आणि बरंच चुकलेय.

आधी एक गोष्ट क्लिअर करून घ्या, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. बाबा "ब्रेन डेड" आहेत की खोल कोमात आहेत? हे दोन्ही शब्द कॉरिडॉरमध्ये सर्रास एकमेकांच्या जागी वापरले जातात, आमच्याकडून पण. ब्रेन डेड ठरवायची पद्धत १९९४ च्या अवयव प्रत्यारोपण कायद्यात ठरलेली आहे, चार डॉक्टर, किमान सहा तासांच्या अंतराने दोनदा तपासण्या, व्हेंटिलेटर थोडा वेळ थांबवून स्वतःहून श्वास घेतात का ते बघतात. तसं असेल तर तुमचा प्रश्नच बदलतो, बाबा गेलेलेच आहेत आणि मशीन फक्त हृदय चालू ठेवतंय, मग अवयवदानाचं बोलायचं. पण १७ दिवस झालेत आणि ट्रॅकिओस्टॉमीची गोष्ट चाललीय त्याअर्थी बहुतेक ते ब्रेन डेड नाहीत, कोमात आहेत. मी पेशंट बघितलेला नाही, स्कॅन बघितलेला नाही, त्यामुळे ते बरे होतील की नाही यावर मी एक शब्दही बोलणार नाही. ते तिथल्या न्यूरोवाल्यांना विचारा, पण प्रश्न बदलून विचारा. "काही होप आहे का डॉक्टर" असं विचारलं की आम्ही हमखास गुळमुळीत उत्तर देतो, एक टक्का, बघूया, मिरॅकल होतात वगैरे. त्याऐवजी असं विचारा: सगळं अगदी चांगलं जमून आलं तर सहा महिन्यांनी बाबा कसे असतील? आम्हाला ओळखतील? घास गिळतील? कूस बदलतील? या प्रश्नाला पळवाट नसते.

आता मारणं आणि मरू देणं.

तुमच्या मनात हिशोब बहुतेक असा आहे की नळी लावलीच नसती तर तो निसर्ग, पण लावलेली काढली तर तो माझा हात. हा हिशोब जवळजवळ सगळ्यांच्या मनात असतो, डॉक्टरांच्याही. म्हणून आम्ही लोक ट्रॅकिओस्टॉमी न करणं, डायलिसिस सुरू न करणं, हृदय थांबलं तर छाती न दाबणं हे सहज मान्य करतो आणि चालू असलेलं बंद करायचं म्हटलं की हात थरथरतो. मला सुरुवातीला यात मोठा फरक वाटायचा. मग एक वाचनात आलं. जेम्स रेचल्स नावाच्या अमेरिकन तत्त्वज्ञाने १९७५ साली एक उदाहरण मांडलं: एक माणूस इस्टेटीसाठी सहा वर्षांच्या चुलतभावाला बाथटबमध्ये बुडवून मारतो. दुसरा माणूस त्याच हेतूने आत जातो, पण पोरगं आपणच घसरून पाण्यात पडतं आणि हा नुसता उभा राहून बघतो. दुसऱ्याने हात लावला नाही, म्हणून तो सुटला का? कुणीच तसं म्हणणार नाही. रेचल्सला त्यातून जे सिद्ध करायचं होतं ते सगळं मला पटत नाही, तो पार मरणाचं इंजेक्शन देण्यापर्यंत जातो, पण एक गोष्ट माझ्या डोक्यात घट्ट बसली. हात लागला की नाही लागला ही चुकीची मोजपट्टी आहे. कशासाठी आणि कुणाच्या भल्यासाठी, हे बघायचं. आणि मृत्यूचं कारण काय तेही बघायचं, तुमच्या बाबांच्या बाबतीत ते मेंदूतला रक्तस्राव आहे, नळी काढणं हे कारण नाही.

व्हेंटिलेटर मुळात आला कसा तेही सांगते, कारण त्याचा या गिल्टशी संबंध आहे. १९५२ साली कोपनहेगनमध्ये पोलिओची भयंकर साथ आली, पोरं श्वास थांबून मरत होती, तेव्हा ब्योर्न इब्सेन नावाच्या भूलतज्ज्ञाने गळ्यात नळी घालून हाताने बॅग दाबून श्वास द्यायला सुरुवात केली आणि शेकडो मेडिकलचे विद्यार्थी पाळ्या लावून आठवडेच्या आठवडे बॅग दाबत बसले. आजचं मशीन हे त्या पोरांच्या हातांच्या जागी आलंय. तो हात पूल म्हणून होता, पलीकडे जायला, रोगी सावरेपर्यंत. पलीकडचा काठच नाही हे नक्की कळलं तर पुलावर कुणाला कायमचं उभं करून ठेवणं याला उपचार म्हणायचं का, हा खरा प्रश्न आहे.

हाताचं निघालं म्हणून एक प्रसंग सांगते. काही वर्षांपूर्वी मी दुसऱ्या एका हॉस्पिटलमध्ये होते. ऐंशीच्या घरातले एक आजोबा, शेतकरी, तुमच्या बाबांसारखीच केस. घरच्यांनी विचारलं काढता येईल का, वरून उत्तर आलं की आमच्याकडे असलं काही होत नाही, न्यायचं असेल तर डामावर सही करा आणि घरी न्या. डामा म्हणजे डॉक्टरांच्या सल्ल्याविरुद्ध डिस्चार्ज. त्यांनी सही केली. अँब्युलन्समध्ये व्हेंटिलेटर नव्हता, म्हणून नळीला अँबू बॅग, म्हणजे हाताने दाबून श्वास द्यायची पिशवी, जोडली आणि बावीस-तेवीस वर्षांच्या पुतण्याला दाखवलं की अशी दाबायची, घरी पोचलात की थांबवा. दीड तासाचा रस्ता. तो पोरगा वर्षभराने दुसऱ्याच कामाने भेटला आणि म्हणाला, मॅडम, अंगणात गाडी थांबली, आजीने तोंड बघितलं, सगळे माझ्याकडे बघायला लागले आणि मला कळेना की कधी थांबवू, मी अजून दहा मिनिटं दाबत राहिलो. मॉर्फिन नाही, डॉक्टर नाही, शेवटी आजोबांची छाती ओढत होती ती त्याने एकट्याने बघितली. डामाच्या कागदावर मीच काउंटरसाइन केलेली. आज तुम्ही "पाप" हा शब्द वापरलात तेव्हा मला आधी ते अंगण आठवलं. हे आपल्याकडे रोज घडतं, सगळ्यांना माहितीय, कागदावर मात्र प्रत्येक जण स्वच्छ असतो.

आता आईंचं, "देवाच्या हातात". ह्याला उलट उत्तर देऊ नका. मी एकदा एका माउलींना फटकन म्हटलं होतं की देवाच्याच हातात द्यायचं तर मशीन मध्ये कशाला. तर्काला बरोबर होतं, पण त्या बाईंनी पुढचे चार दिवस माझ्याशी बोलणं टाकलं आणि ते बरोबरच केलं. त्यांना वादविवाद नको होता, नवऱ्याला सोडून दिलं असं होऊ नये एवढंच हवं होतं.

पण धर्माचंच बोलायचं तर "शेवटपर्यंत सगळं करत राहा" असा हट्ट जुन्या परंपरांनी धरलेला मला तरी दिसत नाही. आपल्याकडे माणूस जायला लागला की पलंगावरून "खाली घेतात", तोंडात गंगाजल, तुळशीचं पान, कुणाची वाट बघतोय म्हणून जीव अडकलाय का ते बघतात, लांबच्या लेकीला फोन लावून कानाशी धरतात. याला कुणी मारणं म्हणत नाही, वाट मोकळी करणं म्हणतात. गंमत बघा, सोळाव्या शतकात पोलंडमधल्या क्राकोव्हचे रब्बी, म्हणजे ज्यूंचे धर्मगुरू, मोशे इसरलेस यांनी ज्यू धर्मशास्त्रावरच्या टिपणात जवळपास हेच लिहिलंय: मरणासन्न माणसाच्या डोक्याखालची उशी ओढायची नाही, पण घराबाहेर लाकूडतोड्याची ठकठक चालू असेल आणि त्या आवाजाने जीव निघत नसेल, किंवा जिभेवर मीठ ठेवलेलं असेल, तर ते थांबवता येतं, कारण तो नुसता अडथळा दूर करणं झालं. अर्थात व्हेंटिलेटर म्हणजे उशी की लाकूडतोड्या यावर आजचे रब्बी अजून भांडतायत, आणि इस्रायलच्या २००५ च्या कायद्याने तर टायमरचा मार्ग काढला, म्हणजे मशीन ठरल्या वेळी आपोआप थांबणार आणि पुन्हा सुरू करायचं का ते तेव्हा ठरवायचं, हात नको लागायला! हसू येतं, पण तुमच्या मनात तरी दुसरं काय चाललंय.

कॅथलिकांचे पोप बारावे पायस १९५७ च्या नोव्हेंबरात नेमक्या आमच्याच जमातीसमोर, भूलतज्ज्ञांसमोर बोलले होते, कारण इब्सेनची ती पद्धत येऊन पाच वर्षं झाली होती आणि डॉक्टरांना हाच प्रश्न पडला होता. त्यांचं म्हणणं असं की जीव वाचवायला साधारण उपाय करणं कर्तव्य आहे, असाधारण उपाय करायची सक्ती नाही, आणि साधारण म्हणजे स्वतःवर किंवा दुसऱ्यावर जबर ओझं न टाकणारे उपाय. "दुसऱ्यावर" हा शब्द लक्षात ठेवा, पैशांकडे येताना लागेल.

आणि आपल्या मातीतलं उदाहरण विनोबांचं. नोव्हेंबर १९८२, पवनार, हृदयविकाराचा झटका येऊन गेल्यावर त्यांनी औषध आणि अन्नपाणी घेणं बंद केलं आणि १५ तारखेला गेले. त्याला आत्महत्या कोण म्हणतं? जैनांच्या सल्लेखनेला, म्हणजे मरण जवळ आल्यावर स्वतःहून अन्नपाणी सोडायच्या व्रताला, राजस्थान हायकोर्टाने २०१५ च्या ऑगस्टमध्ये आत्महत्या म्हटलं तर त्याच महिन्यात सुप्रीम कोर्टाने त्याला स्थगिती दिली. पण थांबा, ही उदाहरणं तुमच्या बाबांना जशीच्या तशी लागू पडत नाहीत, आणि आमचे बरेच लोक इथेच घसरतात. विनोबांनी स्वतः ठरवलं होतं. व्रत ज्याचं त्याने घ्यायचं असतं. तुमचे बाबा बोलू शकत नाहीयेत, आणि त्यांच्या वतीने तुम्ही वैराग्य घेऊ शकत नाही.

म्हणून मला वाटतं तुम्हाला प्रश्नच चुकीचा विचारला गेलाय. "काढायचं का, तुम्ही ठरवा" असं मुलाला विचारणं म्हणजे त्या पुतण्याच्या हातात बॅग देणं. मी आता असं विचारतच नाही. मी विचारते, बाबा आत्ता इथे खुर्चीत बसून स्वतःला त्या बेडवर बघत असते तर काय म्हणाले असते? तुम्ही निर्णय घेणारे नाही, तुम्ही साक्षीदार आहात, त्यांच्या मनाचे. आणि त्याचा पुरावा बहुतेक वेळा मिळतो, कारण आपल्याकडे कुणी स्वतःच्या मरणाबद्दल बोलत नाही पण दुसऱ्याच्या मरणाबद्दल भरपूर बोलतं. शेजारचे कुणी अंथरुणात वर्ष काढून गेले तेव्हा बाबा काय म्हणाले होते? "हे बघ, माझं असं करू नका" म्हणाले की "काहीही करा पण वाचवा"? त्या माझ्याशी न बोलणाऱ्या माउलींना पाचव्या दिवशी आठवलं की नवरा चुलत्याच्या दहाव्याहून परत येताना एसटीत म्हणाला होता, नाना नळीवर गेला, मला नळीवर घालवू नकोस. त्यांनी ते सांगितलं आणि मग स्वतःच म्हणाल्या की डॉक्टर, मी त्यांचं ऐकलंच नाही की. त्यानंतर घरात भांडण उरलं नाही. उलटंही होतं, एका घरात निघालं की वडिलांना प्रत्येक श्वास हवा होता, कॅन्सरच्या दोन केमो त्यांनी भांडून घेतलेल्या, तिथे आम्ही ट्रॅकिओस्टॉमी केली आणि मला ते योग्यच वाटतं.

तर आज रात्री तिघं बसा, आणि "काढायचं का" हा विषय न काढता फक्त बाबांचे किस्से काढा.

पैशांचं. लाज वाटून घेऊ नका, दादांचीही आणि स्वतःचीही. आयसीयूच्या बाहेर बसलेला प्रत्येक माणूस हा हिशोब करत असतो, जो करत नाही म्हणतो तो एकतर फार श्रीमंत किंवा खोटं बोलतोय. पोपसाहेबांनीही ओझं धरलंय. शिवाय बाबांनी जन्मभर एकेक रुपया जोडून जे उभं केलं ते नातवाच्या शिक्षणाला जावं की १७व्या दिवसानंतरच्या ३०व्या दिवसाला, यावर बाबांचंही काही मत असेलच ना? ते मतसुद्धा त्यांचंच. फक्त एक पथ्य पाळा, पैशांची गोष्ट उघड आणि वेगळी बोला. "होप नाही" या शब्दाआड पैसा लपवला की पुढे दहा वर्षं भाऊ भावाकडे संशयाने बघतो. माझी एक कसोटी आहे: उद्या कुणी सगळं बिल माफ केलं तरी आपण हेच ठरवू का? उत्तर हो असेल तर पैशांनी ठरवलेलं नाही. उत्तर नाही असेल तर मग सोशल वर्करला भेटा, सरकारी योजनेत बसतं का बघा, सरकारी हॉस्पिटलला हलवता येतं का बघा, ते आधी.

कायदा आता बऱ्यापैकी तुमच्या बाजूने आहे, फक्त हॉस्पिटलं घाबरतात. याची सुरुवात आपल्या मुंबईतून झाली म्हणायला हरकत नाही. केईएमच्या नर्स अरुणा शानबाग, १९७३ च्या हल्ल्यानंतर त्या जवळपास ४२ वर्षं भान हरपलेल्या अवस्थेत त्याच हॉस्पिटलात होत्या. २०११ साली सुप्रीम कोर्टाने त्यांना भरवणं थांबवायची परवानगी त्यांच्यापुरती नाकारली, कारण त्यांना रोज भरवणाऱ्या, पुसणाऱ्या केईएमच्या नर्सेसना ते नको होतं आणि कोर्टाने त्यांनाच जवळचं मानलं. त्या २०१५ मध्ये न्यूमोनियाने गेल्या. त्याच निकालात तत्त्व म्हणून मार्ग मात्र उघडला गेला, मग ९ मार्च २०१८ ला घटनापीठाने सन्मानाने मरण्याचा हक्क आणि लिव्हिंग विल, म्हणजे शेवटी कुठले उपचार नकोत ते आधीच लिहून ठेवणं, मान्य केलं, आणि जानेवारी २०२३ मध्ये प्रक्रिया सोपी केली.

आता होतं ते असं. लिव्हिंग विल नसेल तरी चालतं, घरच्यांची लेखी संमती लागते. हॉस्पिटल एक प्रायमरी बोर्ड बसवतं, उपचार करणारे डॉक्टर आणि किमान पाच वर्षं अनुभवाचे दोन तज्ज्ञ. मग सेकंडरी बोर्ड, त्यात एक डॉक्टर जिल्ह्याच्या मुख्य वैद्यकीय अधिकाऱ्याने नेमलेला असतो. दोन्ही बोर्डांनी शक्यतो ४८-४८ तासांत मत द्यायचं. मग प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांना कळवायचं, आणि मग काढायचं. बोर्डाने नाकारलं तर हायकोर्ट. म्हणजे तुम्ही एकटे नाही, दादाही एकटे नाहीत, दोन टप्प्यांवर अनुभवी डॉक्टर बसून सांगणार की हा मार्ग योग्य आहे की नाही. मला या प्रक्रियेची सगळ्यात मोठी किंमत हीच वाटते, ओझं वाटून घेतलं जातं. हॉस्पिटल "आमच्याकडे होत नाही" म्हणालं तर तेच लेखी मागा, नुसतं मागितल्यावर बऱ्याच वेळा सूर बदलतो.

प्रत्यक्षात काय होतं तेही सांगते, कारण भीती बहुतेक न बघितलेल्या गोष्टीची असते. आधी मॉर्फिन आणि झोपेचं औषध सुरू करतो, श्वासाची तगमग होऊ नये म्हणून. मॉर्फिननेच मारता का असं विचारतात, नाही, डोस तगमग थांबेल एवढाच आणि हळूहळू वाढवत, त्याने कदाचित श्वास थोडा मंदावेल हे माहीत असून आपण त्रास कमी करायला देतोय, मारायला नाही, आणि हा फरक नुसता शाब्दिक नाही, डोसच्या चार्टवर दिसतो. मॉनिटरचा आवाज बंद करतो. मग नळी. त्यानंतर वीस मिनिटं किंवा दोन दिवसही, कधीकधी स्वतःहून श्वास घेत राहतात. घशात घरघर येते, ती ऐकणाऱ्याला भयंकर वाटते, पेशंटला बहुतेक जाणवत नसते. नळी निघाली की तोंड मोकळं होतं. मला हे फार उशिरा कळलं की घरच्यांना ते केवढं हवं असतं, नळी असताना गंगाजल घालता येत नाही, आमच्या सिस्टर गॉज ओला करून नुसता ओठांना लावतात.

आईंचा होकार येत नसेल तर ओढून आणू नका. मधला रस्ता आहे, व्हेंटिलेटर आहे तसा ठेवायचा पण पुढचं काही वाढवायचं नाही, हृदय थांबलं तर छाती दाबायची नाही. ते न दाबण्याच्या आदेशासाठी आयसीएमआरने, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने, २०२० मध्ये मार्गदर्शक सूचना दिल्यात, त्या दाखवा. किंवा डॉक्टरांशी ठरवून अजून पाच-सात दिवस द्या, काय दिसलं तर सुधारणा म्हणायचं ते आधी लिहून ठेवून. ट्रॅकिओस्टॉमीला सुद्धा घाबरू नका, ती केली म्हणजे पुढचं थांबवायचा हक्क गेला असं नसतं.

आणि आईंना त्या पाच मिनिटांच्या व्हिजिटिंगमध्ये काचेतून दाखवून आणू नका. सिस्टरना विनंती करून दुपारी तासभर बेडजवळ स्टूल टाकून बसू द्या, सक्शन, म्हणजे नळीतला कफ ओढून काढतात ते, करताना पण. हात धरून बसल्या की त्यांना काय ते आपोआप दिसतं, ते आपण कुणी बोलून दाखवू शकत नाही. डॉक्टर सहा महिन्यांच्या प्रश्नावर काय म्हणाले ते इथेच लिहा, माझी ड्युटी रात्री आठला संपते, त्यानंतर बघते.